रिकाम्या फलाटाला पहिलं बक्षीस

मी ॲशबेकचं स्टेशन बोलतोय. गाडीची वेळ विचारायला आला असाल, तर माफ करा. माझ्याकडे सांगण्यासारखी एकही वेळ आता उरलेली नाही. रूळ उचलून नेले त्याला चाळीस वर्षं होत आली. रुळांच्या जागी गवत आहे आणि त्यातून लोक कुत्री फिरवतात. पण बसा थोडं. एक गोष्ट मनात आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

लोक माझ्याकडे बघून हळहळतात. म्हणतात, "बिचारं स्टेशन! किती देखणं होतं. वरच्या लोकांनी उगाच बंद पाडलं." मी ऐकून घेतो. बिचारा मी नाही. मला बंद पाडण्यात माझाही हात होता. दगडाला हात नसतात हे मलाही कळतं, पण दुसरा शब्द मला येत नाही.

माझा दगड इथल्याच डोंगरातला. वरच्या खाणीतून करडे चिरे घोडागाड्यांवरून खाली आले आणि पाथरवटांनी दीड वर्ष मला घडवलं. त्यांतल्या एकानं तिकीटघराच्या उंबऱ्याखाली आपली मातीची चिलीम पुरली. म्हणाला, घराला बरकत येते. ती अजून तिथेच आहे. पहिली गाडी आली तेव्हा बँड वाजत होता, पाऊस पडत होता आणि भाषण करणाऱ्या गिरणीमालकाची उंच टोपी वाऱ्यानं रुळांवर नेली. लोक भाषण विसरले. टोपी मात्र तीन पिढ्यांनी लक्षात ठेवली.

मग लोकरीचे गठ्ठे, कोळसा, दुधाचे कॅन, शर्यतीसाठी गाडीनं लांब नेऊन सोडायची कबुतरं. दोनदा लढाया झाल्या. दोन्ही वेळा माझ्या फलाटावरून पोरं गेली आणि त्यांतली पुष्कळ परत आली नाहीत. त्याचं दुःख मला आहे. दोष मात्र मी घेत नाही. मी फक्त त्यांना उभं राहायला जागा दिली होती. ज्याचा दोष माझा आहे, ती गोष्ट फार लहान आहे. म्हणूनच ती जास्त टोचते.

आधी इथल्या माणसांची एक सवय सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इथली माणसं विचारत नाहीत. सकाळच्या गाडीला प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली असायची. सिमन्स म्हणून एक कारकून होता, तो तिसऱ्या खांबाशी उभा राहायचा. त्याच्या शेजारी दुसरा एक. "आज जरा गारवा आहे." "हो, पण कालच्यापेक्षा बरं." एवढंच. अकरा वर्षं रोज तेवढंच. एके दिवशी तो दुसरा आला नाही, आठवडाभर आला नाही. मग कळलं, वारला. तेव्हा सिमन्सनं हमालाला हळूच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं हो?" आणि रुमालानं बराच वेळ नाक पुसत राहिला.

आता माझ्या मास्तरांकडे येतो. सिरिल ओल्डरॉइड हे माझे शेवटचे स्टेशनमास्तर. उंच, वाकलेले, बारीक मिशीचे. बायको गेल्यावर वर्षभर ते काम सोडून कशातच मन घालत नव्हते. त्यांना बागेला लावलं ते डोरीन हेपवर्थनं. ती बाजारातल्या बेकरीत कामाला होती. तिचा नवरा हेरॉल्ड गिरणीत लोकर पिंजायचा आणि उरलेल्या वेळात फुलं लावायचा. एके दिवशी तिनं मास्तरांच्या खिडकीतून कागदाची पुडी आत सरकवली.

"हेरॉल्डनं दिलंय, मास्तर. स्वीट पीचं बी आहे. तुमचं कुंपण फार उघडंबोडकं दिसतं म्हणतो."

"मला नाही जमायचं, मिसेस हेपवर्थ."

"बी जमिनीत टाकायचं आणि वाट बघायची. वाट बघायचं तर तुमचं कामच आहे!"

स्वीट पी म्हणजे वाटाण्याच्याच भावकीतली वेल, पण फुलांना वास असा की गाडीतली माणसं खिडक्या खाली करायची. हेरॉल्डनं एकच गोष्ट बजावली होती. ही फुलं तोडत राहायची. तोडली नाहीत तर शेंगा धरतात आणि फुलणं थांबतं. म्हणून मास्तर सढळ हातानं फुलं वाटायचे. गिरणीतल्या पोरींना, पाद्रीबाबांच्या बायकोला, ज्याला हवी त्याला.

वेलींमागून गुलाब आले, पिटुनिया आले, चुन्यानं रंगवलेल्या दगडांत माझं नाव आलं. आणि बागेमागून बक्षिसाचा विचार आला.

आमच्या भागात दर उन्हाळ्याला सगळ्यांत सुंदर स्टेशनाची स्पर्धा व्हायची. परीक्षक कधी येणार ते सांगायचे नाहीत. पुढचं स्टेशन किर्बी. त्यांनी तीन वर्षं लागोपाठ पहिलं बक्षीस नेलं आणि तिथल्या मास्तरांनी बक्षिसाची पाटी अशी लावली की आमच्या गाडीतून उतरणाऱ्याच्या नाकावरच यावी. गावाला हे फार लागलं. मलाही लागलं. खोटं कशाला बोलू?

एव्हाना हेरॉल्डची छाती लोकरीच्या धुळीनं भरली होती. त्याला स्टेनफर्थच्या इस्पितळात ठेवलं होतं, बरं होण्यासाठी नाही, नुसतं ठेवलं होतं. भेटीची वेळ बुधवारी आणि रविवारी, दोन ते तीन. रविवारी आमच्याकडून गाडीही नव्हती आणि बसही नव्हती. बुधवारी मात्र गावातली दुकानं अर्धा दिवस बंद. डोरीन साडेबाराला बेकरीतून निघायची, एक वाजून दहाची गाडी धरायची आणि दोनच्या आधी इस्पितळाच्या दाराशी उभी असायची. आठवड्यातून एक तास. हातात आल्याच्या केकचा डबा आणि माझ्या कुंपणावरची फुलं. हेरॉल्डच्याच बियांची.

मी तिला बाकावर बसायला जागा द्यायचो. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम ते. आणि ते मी एका आठवड्यासाठी सोडलं.

त्या वर्षी जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या गाडीनं एक माणूस उतरला आणि बाहेर गेलाच नाही. बाकावर बसला. तपकिरी रेनकोट, मांडीवर वही, हातात पेन्सिल. मास्तर धावत हमालाकडे गेले. हमाल म्हणजे एर्नी सटक्लिफ. बुटका, तोंडाळ, पण मनानं मऊ.

"एर्नी, तो बघ. हळू! मान वळवू नकोस."

"मान न वळवता कसा बघू, मास्तर? मी काय घुबड आहे?"

"परीक्षक आहे तो."

"तो? त्याला गुलाब आणि कोबी शेजारी ठेवून विचारा. मी सांगतो, कोबीच उचलेल."

"हुशार परीक्षक तसेच दिसतात. वही बघितलीस?"

"मग सरळ विचारू का, बाबा तू कोण म्हणून?"

मास्तरांचा चेहरा पडला. "परीक्षकाला कुणी विचारतं का, एर्नी? शोभतं का ते?"

झालं. कुणी विचारलं नाही. तो माणूसही काही बोलला नाही. त्याला वरून तसा हुकूमच होता, हे पुष्कळ नंतर कळलं. मास्तर त्याला चहा नेऊन देत आणि तो म्हणे, "आभारी आहे. आज जरा ऊन आहे." मास्तर म्हणत, "हो, पण कालच्यापेक्षा बरं."

त्याच वेळी फलाटावर काय होतं ते सांगतो. दुधाचे कॅन सांडलेले. कबुतरांच्या सहा टोपल्या आणि त्यांची घाण. बाबागाड्यांची चाकं पिटुनियाच्या कडेवरून गेलेली. गिरणीतल्या पोरींनी टाकलेले टॉफीचे कागद. मास्तरांनी हे सगळं त्या माणसाच्या डोळ्यांनी बघितलं आणि त्यांना घाम फुटला. दुपारी तो परत गेला तसे मास्तर सायकलवर बसले आणि गावात घरोघर फिरले.

"एकच आठवडा," ते सांगत होते. "हा आठवडा तेवढा बसनं जा. फलाट स्वच्छ दिसला पाहिजे."

गावानं मान डोलावली. किर्बीची जिरणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? कबुतरंवाल्यांनी शर्यत सोडली. दूधवाल्यानं ट्रक केला. सिमन्स कारकून चाळीस मिनिटं आधी उठून बसनं गेला. एर्नीच तेवढा कुरकुरला, "स्टेशन सजवायला गिऱ्हाइकं हाकलायची. उद्या खानावळवाले म्हणतील, ताटं उष्टी होतात, जेवायला येऊ नका." मास्तर म्हणाले, "तू झाडू मार."

डोरीनला सांगायला ते स्वतः बेकरीत गेले. ते बोलणं मला एर्नीकडून कळलं.

"मिसेस हेपवर्थ, बुधवारी..." मास्तर टोपी काढत म्हणाले.

"बसनं जाऊ ना? जाते की. किर्बीला बस बदलावी लागते, एवढंच."

"आणि फुलं... या आठवड्यात कुंपण भरलेलं दिसलं तर..."

"नाही तोडत. हेरॉल्डला सांगेन, तुझ्या फुलांना परीक्षक बघायला आलाय. त्यालाही बरं वाटेल."

दोन बस करून ती दोन वाजून चाळीस मिनिटांनी पोचली. वीस मिनिटं मिळाली. पुढच्या बुधवारी हसत हसत एर्नीला सांगत होती, "हेरॉल्ड इतका हसला, इतका हसला की खोकल्यानं जीव जातोय असं वाटलं. म्हणतो, वीस मिनिटं पुरे, किर्बीवाल्यांची जिरू दे."

आता माझं सांगतो. त्या बुधवारी एक दहाची गाडी आली तेव्हा माझ्या फलाटावर कुणी नव्हतं. सगळा दगड धुतलेला. फुलं ओसंडून चाललेली. एक कागद नाही, एक पीस नाही, एक पाऊल नाही. ऊन स्वच्छ पडलं होतं. तो रेनकोटवाला बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होता. गाडी थांबली, कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, आणि गाडी गेली.

आणि मला ते आवडलं.

हेच मला सांगायचं होतं. मी रिकामा होतो आणि मला ते आवडलं. ऐंशी-नव्वद वर्षं लोकांच्या पायांखाली काढल्यावर पहिल्यांदा मला कुणी नुसतं बघत होतं. जुनी घरं बोलतात, हे तुम्हांलाही माहीत असेल. दार करकरतं, धुराडं उलटा धूर सोडतं, छपरातून पाणी ठिबकतं. काही चुकतंय हे माणसाला कळावं म्हणून माझ्याकडे पुष्कळ उपाय होते. डोरीनची रिकामी जागा माझ्यासमोर होती. पण मी दार करकरू दिलं नाही. उलट अंग आवरून उभा राहिलो, लग्नातल्या फोटोसाठी राहतात तसा.

तो माणूस शनिवारपर्यंत रोज आला. मास्तर म्हणाले, "यंदा फार बारकाईनं बघतात." रविवारी एर्नी वेलींकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, "मास्तर, शेंगा धरल्या." त्या वर्षी स्वीट पी पुन्हा फुलली नाही.

सप्टेंबरात पत्र आलं. पहिलं बक्षीस! मास्तरांनी ते एर्नीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. परीक्षक जूनमध्येच येऊन गेले होते. परीक्षक म्हणजे एक म्हातारी बाई, निळ्या टोपीची. कबुतरांच्या टोपल्यांशेजारी बसून तिनं डबा खाल्ला होता. एर्नीला ती आठवली. तिनं लिहिलं होतं, "बागा आम्ही पुष्कळ पाहिल्या. इथे फुलांमध्ये माणसं, मुलं आणि पाखरं होती. हातात फुलं घेऊन गाडीत चढणारी एक बाई पाहिली. स्टेशनाची बाग अशी असावी."

"मग तो रेनकोटवाला कोण होता?" एर्नीनं विचारलं.

मास्तरांनी पत्राची घडी घातली.

उत्तर पुढच्या मार्चमध्ये आलं. मोठी कागदी नोटीस, माझ्याच भिंतीवर, बक्षिसाच्या पाटीच्या खाली. मास्तरांना ती स्वतःच चिकटवावी लागली. गाडीला माणसं फारच थोडी, म्हणून हा फाटा बंद करण्याचं ठरत आहे. मोजणी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, जुलैचा पहिला आठवडा. मास्तरांनी ब्रश खाली ठेवला आणि तारखेवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेच्या हॉलमध्ये सभा झाली. कुणाला खरी अडचण होणार असेल तर त्यानं उठून सांगायचं. मास्तरांनी सांगायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी माझ्या तिकीटघरात बसून त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या. "त्या आठवड्यात गाडीला माणसं नव्हती, कारण मीच त्यांना येऊ नका म्हणालो होतो." मी त्या वाचल्या.

सभेत काय झालं ते एर्नीनं दुसऱ्या दिवशी सिमन्सला सांगितलं. "मास्तर उठले. हातातली टोपी गोल गोल फिरवली. मला वाटलं, आता सांगतात. तर म्हणाले, 'जरा वारा येतोय. खिडकी लावली तर चालेल का?' आणि बसले."

"खिडकी लावली का?" सिमन्सनं विचारलं.

"लावली की! काय उपयोग?"

"आणि हेपवर्थबाई?"

"ती बसली होती पलीकडच्या रांगेत. तिच्याएवढी अडचण कुणाला होती? पण नाही उठली. नंतर मला म्हणते, उगाच कशाला कटकट?"

पुढच्या जानेवारीत गाड्या बंद व्हायच्या होत्या. शेवटच्या बुधवारी डोरीन नेहमीसारखी आली. बाहेर बर्फ होता, वेलींच्या जागी नुसत्या काठ्या. मास्तर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"मिसेस हेपवर्थ, मला सांगायचंय. ती जुलैची मोजणी..."

"ठाऊक आहे मला, मास्तर."

"कधीपासून?"

"नोटीस वाचली तेव्हापासून. मीसुद्धा त्या आठवड्यात बसनंच गेले होते ना?"

"मग सभेत बोलला का नाहीत?"

तिनं केकचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "तुमचं नाव घेतल्याशिवाय कसं सांगणार? आणि तुम्ही तर समोरच बसलेले. आधीच इतके वाळलेले दिसत होता."

"डोरीन," मास्तर म्हणाले. सोळा वर्षांत त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"फुलं छान आली होती हो त्या वर्षी," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

म्हणजे तिचा एक तास मी घेतला, आणि ती तो मागूही शकली नाही, कारण मागितला असता तर मास्तरांची मान खाली गेली असती. इथली माणसं अशी. एकमेकांना जपता जपता बुडतात.

गाड्या बंद झाल्यावर तासाची वीस मिनिटं झाली. दर बुधवारी वीस. दुसऱ्या हिवाळ्यात एका बुधवारी किर्बीच्या चढावर बस बर्फात अडकली. डोरीन उरलेला रस्ता चालत गेली. पोचली तेव्हा तीन वाजून दहा झाले होते. तिथली बाई फार गोड बोलली म्हणे, पण नियम तो नियम, पुढच्या बुधवारी या. डोरीननं केकचा डबा दाराशी ठेवला आणि परत फिरली. हेरॉल्ड रविवारी गेला.

हे मला एर्नीनंच सांगितलं. गाड्या बंद झाल्यावरही तो येऊन माझ्या बाकावर बसायचा आणि भिंतीशी बोलायचा. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. मास्तर साठीच्या घरात मोटार चालवायला शिकत होते, कुणाला न सांगता. जुनी गाडी विकत घेतली होती. परीक्षेत तीनदा नापास झाले. एकदा तर समोर येईल त्याला आधी रस्ता ओलांडू देत बसले आणि मागे गाड्यांची रांग लागली. चौथ्या खेपेला पास झाले. बुधवारी पाऊण वाजता गाडी घेऊन डोरीनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ती काळ्या कपड्यांत बाहेर आली. हेरॉल्डला आदल्या दिवशीच पुरलं होतं. मास्तर सभेनंतर तोंड लपवून राहत होते, म्हणून गावातली बातमी त्यांच्या कानावर गेलीच नव्हती. मी ऐकलं ते इतकंच, की दोघं बराच वेळ गाडीत नुसते बसून होते, आणि गाडी दारातून हलली नाही.

मास्तरांनी त्यानंतर मातीला हात लावला नाही. काही वर्षांनी तेही गेले. एर्नीही गेला.

माझ्यात आधी कोळसेवाल्यानं कोळसा भरला. मग तोही गेला. पोरांनी काचा फोडल्या, छपरात कबुतरं राहायला आली. त्यांची घाण बाकावर पडायची आणि मला बरं वाटायचं. वाटायचं, हीच माझी शिक्षा आहे आणि हीच सोबत. बक्षिसाची पाटी कुणी काढली नाही. ती गंजत राहिली. येणारा जाणारा तीच वाचायचा.

दोन वर्षांपूर्वी गावात मंडळ निघालं. फिलिपा ब्रेथवेट म्हणून शाळेतली बाई त्यांची पुढारी. हुशार, उत्साही, दिवसभर शिडीवर. त्यांनी छप्पर नीट केलं, काचा बसवल्या, कबुतरं हाकलली, पाटी घासूनपुसून पुन्हा लावली. वर्तमानपत्रात जुन्या फुलांचं बी कुणाकडे आहे का म्हणून विचारलं, तर एका सकाळी दाराच्या फटीतून कुणीतरी पुडी टाकून गेलं. नाव नाही, काही नाही. पुडीची घडी मात्र मी ओळखली.

या जुलैमध्ये कुंपण पुन्हा फुललं. आणि मंडळानं जुन्या इमारतींच्या स्पर्धेत माझं नाव दिलं.

परीक्षक यायचा दिवस गेल्या शुक्रवारी होता. फिलिपानं पहाटेपासून फलाट धुतला. बाकापुढे लाल दोरी बांधली, दोरीचं एक टोक खांबाला आणि एक माझ्या भिंतीतल्या हुकाला. वर कागद लावला, 'कृपया बसू नये.' कुंपणावर दुसरा कागद, 'फुले तोडू नयेत.' मी सगळं बघत होतो. धुतलेला दगड, ओसंडणारी फुलं, एक पाऊल नाही. ऊनही तसंच.

साडेअकराला डोरीन आली. ऐंशीला टेकली असेल. काठी टेकत, हातात डबा. बाकाजवळ आली आणि दोरी बघून थांबली.

"आजी, आज नका बसू हं," फिलिपा शिडीवरूनच म्हणाली. "परीक्षक यायचेत. उद्या या ना, चहा देईन मी."

"असू दे, असू दे," डोरीन म्हणाली. "मी आपली सहज आले होते. उगाच कशाला कटकट?"

आणि ती वळली.

मी काही केलं असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांचा ओला चुना होता, हूक जुना होता, दोरी ताणलेली होती. एवढंच सांगतो, की त्या घडीला मी अंग आवरून धरलं नाही. हूक निघाला. त्याच्याबरोबर पसाभर गिलावा धाडकन खाली आला, धुतलेल्या फलाटावर पांढरा फुफाटा उडाला, दोरी सापासारखी लोळली आणि 'बसू नये'चा कागद उलटा पडला.

"अरे देवा!" फिलिपा शिडीवरून उतरली. "आता आले तर ते!"

डोरीन परत वळली. भिंतीतल्या भोकाकडे तिनं जरा वेळ बघितलं. मग दोरी काठीनं बाजूला सारली आणि बसली. त्याच जागी.

"आजी..."

"बस गं पोरी. घामानं भिजलीस. केक खा. आल्याचा आहे."

फिलिपा उभीच राहिली. मग कोण जाणे काय झालं, बसली. केकचा चुरा खाली पडला. तिनं तो झाडायला हात पुढे केला, तसा डोरीननं तो हात धरून ठेवला.

"ती फुलं तोडत जा हं," डोरीन म्हणाली. "नाही तोडली तर शेंगा धरतात. मग थांबतं सगळं."

"तुम्हांला कसं माहीत?"

"माझ्या नवऱ्याचं बी आहे ते."

फिलिपानं तिच्याकडे बघितलं. मग उठली, कुंपणावरचा कागद काढला आणि ओंजळभर फुलं तोडून आणून डोरीनच्या मांडीवर ठेवली. परीक्षक आले तेव्हा त्या दोघी तशाच बसल्या होत्या. पायांशी गिलाव्याचा ढीग, फलाटभर चुरा. बक्षिसाचं काय होईल ते मला माहीत नाही. मला ते नकोच आहे.

माझा दोष यानं फिटला असं मी समजत नाही. हेरॉल्डचे ते तास हूक पाडून परत येत नाहीत. डोरीनही मला काही बोलली नाही. ती कुणालाच काही बोलत नाही. जाताना तिनं फक्त भिंतीला हात टेकला, उठायला आधार म्हणून. मी तो हात अजून सांभाळून आहे.

ते भोक त्यांनी अजून बुजवलेलं नाही. तुम्ही इकडे आलात तर दिसेल, बाकाच्या उजव्या हाताला. चिखलाचे बूट घालून आलात तरी चालेल. कुत्रं आणा, पोरं आणा, चुरा सांडा. मी कसा दिसतो ते मला सांगू नका. तुमच्यातलं कुणी कुणाला भेटायला निघालं असेल, तर जाताना कुंपणावरची फुलं घेऊन जा. भरपूर घ्या.